हंगामी वस्ती

किहीममध्ये हद्दीवरून दोन भावांचं वाजलं, की लोक दयाराम घरतांना बोलवायचे. भूमापक म्हणून सदतीस वर्षं सरकारी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. घरत साहेबांनी फीत धरून खुणेचा दगड दाखवला, की वाद मिटला. मोजणी संपेपर्यंत ते कोणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. सरळ माणूस, असं सगळे म्हणायचे आणि ते ऐकायची त्यांना सवय झाली होती.

गेल्या जानेवारीत एका दुपारी त्यांच्या वाडीच्या फाटकातून एक मुलगी आत आली. पंचविशीची, डोक्यावर ओढणी, खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी.

"दयाराम काळूराम घरत तुम्हीच का, काका?"

"हो. बस ना."

"मी नूरैन. अलिबागला एका वकीलबाईंकडे काम करते. गाव माझं काळदांडा."

गावाचं नाव ऐकलं आणि दयाराम उठले. आत जाऊन त्यांनी स्वतःच चहा टाकला. बायको, कमळ, गेल्यापासून ते एकटेच राहत. दोन कप घेऊन बाहेर आले, तर मुलीने ओटीवर एक झेरॉक्स पसरून ठेवली होती. जुन्या टंकलेखन यंत्राचा तक्ता, एका रकान्यात मात्र शाईने लिहिलेलं होतं: 'काळदांडा. हंगामी वस्ती. कायम रहिवासी नाहीत.' खाली सही, हुद्दा कनिष्ठ भूमापक, उत्खनन अभ्यास कक्ष, आणि तारीख १४ मार्च १९७३.

नूरैन सांगत होती. किनाऱ्याचा नवा रस्ता गावातून जायचा होता. नोटिसा आल्या, त्यांत म्हटलं होतं की ही जागा सरकारी आहे, घरं म्हणजे मासेमारीच्या हंगामापुरत्या झोपड्या आहेत, त्यामुळे पुनर्वसनाचा हक्क लागत नाही. पुरावा काय म्हणून गावाने विचारलं, तेव्हा माहितीच्या अधिकारात हा कागद निघाला.

"यानंतरच्या प्रत्येक मोजणीत हीच ओळ उतरवून घेतलीय, काका. पन्नास वर्षं. कोणी गावात येऊन बघितलंच नाही. माझ्या पणजोबांचा जन्म त्या घरातला आहे."

दयारामांनी चष्मा लावला, काढला. "सही माझी दिसते खरी. पण मला आठवत नाही. तेव्हा शेकडो गावं मोजली आम्ही."

"हे उत्खनन कसलं होतं?"

"रेतीबितीचं असेल."

तिने कागद घडी घालून ठेवला. उठता उठता म्हणाली, "माझी दादी सांगते, एक घरत साहेब आमच्याकडे राहिले होते. धक्क्याच्या मोजणीला आले होते म्हणे."

"आमच्यात घरत पुष्कळ आहेत," दयाराम म्हणाले.

ती आपला नंबर लिहून ठेवून गेली. चहाला तिने हात लावला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आपल्या नातीच्या वयाच्या मुलीशी तीन वाक्यांत तीनदा खोटं बोलला होता. त्यांना सगळं आठवत होतं. त्या घराच्या ओटीवरच्या खोलीत उजव्या हाताला खुंटी होती, हेसुद्धा.

तेव्हा ते तेविशीचे होते. घराण्यात मिठागराच्या पलीकडे गेलेला पहिला मुलगा. फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सात माणसांचं एक कार्यालय होतं, त्यात हंगामी भूमापक म्हणून चिकटले. तिथे काय चाललंय ते घरी सांगायची बंदी होती. अमेरिकेने वाळवंटात एका अणुस्फोटाने डोंगराएवढा खड्डा पाडून दाखवला होता. रशियाने नदीकाठी तसाच खड्डा पाडून त्याचा तलाव केला होता. आपल्याकडेही अशा स्फोटांनी कालवे, बंदरं खोदता येतील का, याचा अभ्यास चालला होता. काळदांड्याचं काळ्या खडकाचं टोक त्यांतली एक जागा. पाच स्फोटकं एका ओळीत खडकात खोल पुरायची, एकाच क्षणी उडवायची, आणि मोठ्या जहाजांची वाट तयार. हजारो माणसांचं वीस वर्षांचं काम डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. कार्यालयात कोणी बॉम्ब म्हणत नसे. अणुस्फोटक म्हणायचं, असा कार्यालयाचे प्रमुख सबनीस साहेबांचा दंडक होता. दयारामला त्या सगळ्याची नशा चढली होती. आपला बाप गुडघाभर पाण्यात फावडं मारतो आणि आपण डोंगर उडवणार आहोत, असं त्याला वाटायचं.

काळदांड्यात तो बावीस दिवस राहिला. गावात सांगितलं, धक्क्याची मोजणी आहे. अहमद नावाच्या तरुण मच्छीमाराने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. सातव्या दिवशी त्याला ताप भरला. अहमदने त्याला होडीत निजवून खाडीपार मुरुडच्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर अहमदची बायको कुबरा दाराआडून पेजेचं भांडं ठेवायची. ती एकोणीस वर्षांची असेल, पोटुशी होती. बरा झाल्यावर दयारामने घरन् घर मोजलं. त्रेसष्ट घरं, चारशे अकरा माणसं. धक्का हवा म्हणून अहमदने फिरून सगळ्यांचे अंगठे आणले, ते कागदही दयारामने घेतले.

नियम असा होता, की स्फोटाच्या जागेभोवतीच्या वर्तुळात दोनशेपेक्षा जास्त माणसं राहत असतील, तर ती जागा बाद. काळदांड्याच्या वर्तुळात गाव एकच होतं. तेवढं एकच गाव आड येत होतं.

नूरैन येऊन गेल्यावर पाच-सहा दिवस दयाराम कोणाशी धड बोलले नाहीत. रविवारी त्यांची मुलगी जागृती आली. अलिबागच्या शाळेत शिक्षिका आहे ती. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

"साहेबांनी तसं लिहायला लावलं," ते म्हणाले.

"मग तुमचा काय दोष, बाबा? तुम्ही कालचे पोर होता. साहेब जाऊन वीस वर्षं झाली. ना स्फोट झाला, ना बंदर झालं. तुम्ही कशाला स्वतःचं नाव खराब करून घेताय?"

"त्या लोकांची घरं जातायत."

"त्यांना वकील आहेत. शाळेत उद्या मला विचारतील, तुझे वडील बॉम्बच्या कामात होते का? काय सांगू?"

दयारामांनी मान हलवली. मुलीच्या बोलण्याने त्यांना थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मग लाज वाटायला लागली. कारण साहेबांनी काही लिहायला लावलं नव्हतं.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी जागृतीला माहीत होती, पण तिच्या लेखी ती अभिमानाची होती. न्हावा शेवाच्या बंदरासाठी त्यांच्या गावची मिठागरं गेली, तेव्हा काळूराम घरत हा नुसता मजूर, त्याचा जमिनीशी संबंध नाही, असं कागदावर आलं होतं. दयारामांना कुठलं दप्तर कुठे असतं ते ठाऊक. महिनाभर रजा टाकून त्यांनी जुनी बाडं उपसली, आजोबांचं नाव शोधून काढलं, आणि बापाला भूखंड मिळवून दिला. तो विकूनच किहीमचं हे घर उभं राहिलं. त्या महिन्यात एकदा, फक्त एकदा, कागदावर नसलेली दुसरी माणसं त्यांच्या मनात आली होती. त्यांनी बाड मिटलं होतं आणि चहा प्यायला खाली गेले होते.

मंगळवारी सकाळी ते नूरैनला फोन करून निघाले. मिनीडोरने अलिबाग, एस्टीने मुरुडमार्गे आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी, पुढे रिक्षा. काळदांड्यात पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. गाव पसरलं होतं. पक्की घरं, रंगवलेले कठडे, आखाती पैशाने बांधलेले दोन मजले. अहमदचं घर मात्र त्यांनी न विचारता ओळखलं.

कुबरा ओटीवर सुपात सोडे निवडत बसली होती. सत्तरीची, अंगाने वाळलेली. नूरैन दारात उभी होती. तिने वाकून सलाम केला नाही की या म्हटलं नाही.

"भाभी, वळखलंत मला?" दयाराम म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडात मिठागरातली भाषा आली.

तिने डोळे बारीक करून बघितलं. "घरत साहेब. आवाज त्योच हाय." सूप बाजूला ठेवलं. "बसा. आमचे असते तर खूश झाले असते. मय्यतीच्या आधी चार रोज तुमची याद काढलीवती."

"भाभी, आधी ऐका. मंग बसायला सांगा."

आणि उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. धक्का कधी नव्हताच. खडकात स्फोटकं पुरायची होती. कुबराने मध्येच थांबवलं.

"बॉम्ब म्हंजे जपानवर टाकला तसला?"

"त्याच जातीचा. माणसं मारायला नव्हता तो, खडक फोडायला होता. आम्ही त्याला बॉम्ब म्हणत नव्हतो."

"मंग आमाला काय म्हणत व्हतात?"

"हंगामी," ते म्हणाले.

नूरैन दारातून पुढे आली. "तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं, काका?"

इथे साहेबांचं नाव घेणं फार सोपं होतं. सबनीस साहेब मेलेले, ते काही उठून येणार नव्हते.

"कोणी न्हाय," दयाराम म्हणाले. "साहेबांनी एवढंच म्हटलं, 'घरत, या एका गावामुळे जागा बाद होणार बघा.' आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मीच म्हटलं, 'साहेब, मच्छीमार लोक आहेत. हंगामी वस्ती म्हणून दाखवता येईल.' तो शब्द माझा. साहेब खूश झाले. मी कायम होणार होतो पुढच्या महिन्यात. झालोही. पण तेवढ्यासाठीच लिहिलं असंही नाही. मला ते काम व्हायला हवं होतं. मला तो डोंगर उडालेला बघायचा होता."

कुबराने हातातला सोड्यांचा कचरा झटकला.

"येक इचारू? कागदावर मान्संच न्हाईत. तर बॉम्ब लावायच्या दिवशी आमाला बाहेर काढाया कोण आला असता?"

तिने नूरैनकडे बोट केलं.

"हुझैफा माझ्या पोटात व्हता तवा," ती म्हणाली. "हिचा बाप. तुमाला ठाव व्हतं."

"ठाव व्हतं."

"मंग ह्यो इचार तुमच्या मनात कवा आला? आज आला?"

"न्हाय, भाभी. तवाच आला व्हता. सही करायच्या आधी. वाटलं, नंतर कोणीतरी बघेल. मोठी माणसं आहेत, शेवटी बघतीलच."

नूरैनने तोंड फिरवलं. कुबरा बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट दमल्यासारखा होता.

"आमच्यांना कुवेतचा विसा आलावता. धक्का व्हतोय म्हणून सहा वर्सं गेले न्हाईत. मोठी होडी घेनार व्हते. लोक हसायचे. हे म्हनायचे, घरत साहेब आपला मानूस हाय, घरात जेवलाय, तो फसवायचा न्हाय." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "मला येकटीला सांगून काय व्हनार? घरोघर फिरला व्हतात ना मोजाया? तसेच फिरा. सगल्यांना सांगा."

तिने बसा म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. नूरैन चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली, ती त्यांच्या मदतीला की पाळतीला, ते त्यांना कळलं नाही.

पहिल्या घरात एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमची घरं वाचतील का?" दुसऱ्या घरात टीव्ही चालू होता, तो कोणी बंद केला नाही. एका दारातून त्यांना मध्येच हात दाखवून परत पाठवलं. मशिदीच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता. त्याने आपला उजवा अंगठा वर करून स्वतःच न्याहाळला आणि म्हणाला, "मी दिलावता अंगठा. कशावर दिला ते आज कळलं." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते मुसअबच्या अंगणात. हा मुसअब न्हावा शेवाला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, सुट्टीवर आला होता. त्याला गोष्ट ऐकून हसूच आवरेना. "काय बोलता चाचा, आपल्या गावाला ॲटमबॉम्ब? एकदम मोठं टार्गेट होतो आपण." त्याने मोबाईल काढला. "परत बोला ना, सुरुवातीपासून. सगळ्यांना पाठवतो."

नूरैन म्हणाली, "मुसअब, ठेव तो फोन."

"घेऊ दे," दयाराम म्हणाले, आणि फोनकडे बघत त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. यावेळी सांगताना 'तो शब्द माझा' इथे त्यांची जीभ अडखळली. मुसअबचं हसणं मावळत गेलं. शेवटी त्याने फोन खाली केला आणि भलतीकडे बघत म्हणाला, "बस झालं, चाचा. घरी जा."

त्या दिवशी अठ्ठावीस घरं झाली. उरलेली त्यांनी पुढच्या आठवड्यात दोन खेपा करून पुरी केली. तोवर ते चित्रण किहीमलाही पोचलं होतं. वाण्याच्या दुकानात ते गेले, की बोलणं थांबायचं. एकाने हद्दीच्या मोजणीसाठी त्यांना सांगून ठेवलं होतं, त्याने निरोप पाठवला की दुसरा माणूस मिळाला. जागृती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, स्वयंपाक केला, आणि वाढताना म्हणाली, "मला तरी खरं सांगायचं होतंत, बाबा. मी तुमची बाजू घेऊन शाळेत भांडले." आमटी निवेपर्यंत ते ताटाकडे बघत बसले.

मे महिन्यात गावाच्या हरकतीवर सुनावणी झाली. नूरैनच्या वकीलबाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "वरिष्ठांच्या दबावाखाली लिहिलं म्हणा. तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं. साक्ष घट्ट होते." दयारामांनी रात्रभर विचार करायचं ठरवलं होतं, पण फोन ठेवायच्या आधीच ते नाही म्हणाले.

दालनात पंखा होता, पण घाम थांबत नव्हता. गावचे पंधरा-वीस लोक मागच्या बाकांवर बसले होते. कुबराही होती, भिंतीला टेकून. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने कागद पुढे केला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"नोंद खरी आहे?"

"खोटी आहे. मी गेलो तेव्हा तिथे त्रेसष्ट घरं होती. चारशे अकरा माणसं. बारमाही राहणारी. मी स्वतः मोजली होती."

"मग हे का लिहिलं? दबाव होता?"

मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं. दयारामांनी वळून बघितलं नाही.

"दबाव नव्हता. जागा मंजूर व्हावी म्हणून मी स्वतःहून लिहिलं."

अधिकाऱ्याने लिहून घेणाऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आपण अडचणीत येऊ शकता, याची कल्पना आहे ना?"

"आहे."

"त्या गावातल्या कोणाची नावं सांगू शकाल? त्या वेळची?"

दयारामांनी सांगायला सुरुवात केली. वाटलं होतं त्यापेक्षा बरीच आठवली. चाळिसाव्या घरानंतर मात्र अडले. मागून कोणी तरी पुढचं नाव सांगितलं. आणखी कोणी तरी त्याच्या पुढचं. अधिकाऱ्याने हात वर करून त्यांना थांबवलं, पण लिहून घेणारा लिहीत होता. कुबराने एकही नाव सांगितलं नाही. बाहेर पडताना दयाराम तिच्यासमोर आले, तशी ती नातीच्या आधाराने उठली आणि बाजूने निघून गेली.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. १९७३ची नोंद ग्राह्य धरू नये, गावाची नव्याने मोजणी व्हावी, तोवर घरांना हात लावू नये. रस्त्याचं काय होणार, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. नूरैनने फोन केला. तिच्या आवाजात आनंद होता, तो ती त्यांच्यापुरता आवरत होती, हेही त्यांना कळलं.

"पाऊस संपला की मोजणी, काका. चोवीस ऑक्टोबरला. यंत्रं घेऊन येणार आहेत."

"छान झालं. मीही येतो. जुन्या खुणा दाखवीन. खडकाजवळचा दगड त्यांना सापडायचा नाही."

"दादी म्हणते, साहेबांनी येऊ नये."

"बरं," दयाराम म्हणाले. "आणखी काही म्हणाल्या?"

"नाही. एवढंच."

चोवीस तारखेला ते पहाटेच उठले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मुरुडमार्गे आगरदांड्याला उतरले, तेव्हा फेरीबोटीत गाड्या चढत होत्या. त्यांत एक सरकारी जीप होती. मागच्या सीटवर तिवई आणि पिवळी पेटी नीट पट्ट्याने बांधलेली, पुढे दोघं तरुण वडापाव खात बसले होते. दयाराम तिकीट खिडकीपर्यंत गेले. दगड नेमका कुठे आहे ते या पोरांना सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग आपण कोण म्हणून सांगणार, ते सुचेना.

"चाचा, येताय काय? सुटतेय," साखळी धरलेला खलाशी म्हणाला.

"न्हाय," दयाराम म्हणाले. "तुम्ही जा."

बोट सुटली. पलीकडे दिघीला लागून गाड्या उतरेपर्यंत ते उन्हात उभे राहिले, आणि मग साडेअकराच्या एस्टीने परत निघाले.